सहाची पाटी

तिसऱ्या गेटात मालगाडी आडवी आली,
मला पोचायला सात मिनिटं उशीर झाला,
तोवर पाहुण्यांचा कर्णधार परतलेला.
ईराप्पा खालूनच ओरडला, 'सोन्ने!'
मी शून्य काढलं
आणि येणाऱ्यासाठी पुन्हा शून्यच लावलं.

शून्य म्हणा की सोन्ने,
पत्रा एकच, माझ्या हातानं रंगवलेला,
पोटात जरासा पोचा आलेला.

एरवी मी वडगावात मागावर असतो.
मॅच असली की मालक दोन पाळ्या कापतो,
मी शिडी चढतो.
फळ्यामागं बसणाऱ्याला खेळ
एका खिळ्याच्या भोकातून दिसतो,
बाकीचा आवाजावरून ओळखायचा.

सराव सामना. कसोटी अजून आठ दिवसांवर,
ती मोठ्या शहरात.
इथं तेरा-तेरा जण बॅटिंग करतात,
पन्नास झाले की बॅट काखेत मारून आपणहून उठतात,
जेवण झालं, ताट उचललं, तसे.
तरी पेपरवाल्यानं लिहिलंच:
कर्णधाराला सूर नाही.

सूर म्हणजे काय ते मला विचारा.
सकाळी धोटा अडतो, सूत तुटतं,
गाठ मारावी तर शेजारचं तुटतं,
आणि दुपारी कधीतरी, न सांगता,
माग लागतो.
त्याआधी निघालेलं कापड
चिंध्यांत जातं. ते कुणी मोजत नाही.

तिसऱ्या दिवशी आमच्यातल्या एकाचं बोट सुजलं
म्हणून नेटमध्ये बॉल टाकणारा परशा मुचंडीकर आत आला.
शर्ट दुसऱ्याचा, पाठीवर नाव दुसऱ्याचं.
चौथी ओव्हर त्याची.
मनगट उलटं फिरलेलं मी भोकातून पाहिलं.
कर्णधारानं पाहिलं नाही.
मधली दांडी मागं कलली.
मी पाच काढून सहा लावला,
इतक्या झपाट्यानं आयुष्यात लावला नव्हता.

कर्णधार हलला नाही.
ग्लोव्हचा पट्टा आवळला,
अंपायरशी दोन शब्द बोलला,
अंपायर आमच्या कप्तानाशी,
कप्तानानं नुसती मान हलवली:
सरावच आहे, खेळू दे.
दस्तगीरमामूनं येऊन दांडी सरळ ठोकली
आणि परशाच्या हातात बॉल परत आला,
काही झालंच नसल्यासारखा.

'तेगी!' खालून ईराप्पा. 'आरू तेगी, ऐदु हाकु!'
मला कन्नड येतं.
माझ्या बायकोचं माहेर हुक्केरी,
भांडणं आमची कन्नडातच होतात.
तेव्हा मात्र कळलं नाही.
मग तो मराठीवर आला,
'काय करूलालास गा वर? काढ की तो सहा!'
'हुक गंजलाय,' मी म्हटलं.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत गंजलेलाच होता.
अडतीस मिनिटं.
दर ओव्हर टाकून झाली की परशा
टोपी घ्यायला वळायचा
आणि फळ्याकडं बघायचा.

कर्णधार एकाहत्तर करून स्वतःहून गेला.
दुसऱ्या दिवशी पेपरात: सूर गवसला.
परशाचं नाव खाली कुठं तरी,
चौदा ओव्हर, बळी नाही,
मुचंडीकरचं मुचंडी झालेलं.

कसोटीच्या पहिल्या दिवशी आम्ही तिघं
अनगोळ नाक्यावर, चहाच्या गाड्यापाशी,
मोबाइल बिस्किटांच्या बरणीला टेकवलेला.
त्यानं एकशे अठरा केले.
समोर लेगस्पिनर आला की
त्याचा पाय जरा थबकायचा,
मनगट बघायचा,
मग निघायचा.

'बघूलालास न्हवं?' परशा म्हणाला,
'आमच्या गावात आला तवा
हे नव्हतं त्याच्याकडं.'

पोऱ्यानं ग्लास गोळा केले, फडकं मारलं.
ईराप्पा बराच वेळ गप्प होता.
मग म्हणाला,
'पुस्तकात खोडलंय मी ते.'

आणि चपलेत पाय घालता घालता,
'पण लिहिताना दाबून लिहिलं होतं.'